कुणाचं ऐकायचं?

ब्रायन मूर यांच्या 'कॅथलिक्स' या छोटेखानी कादंबरीची काही पाने मी मध्यंतरी मराठीत करून पाहिली. कुणा प्रकाशकाने मागितली नव्हती. हात चालता राहावा म्हणून आम्ही अनुवादक असे काहीतरी करत असतो. अवघड वाक्ये निभावली आणि अडले ते एका साध्या क्रियापदापाशी. इंग्रजीतल्या 'ओबे'साठी कोश 'आज्ञा पाळणे' सुचवतो. पण ही माणसे आयर्लंडच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच्या एका बेटावरची, अंगमेहनत करून जगणारी मठवासी मंडळी आहेत. त्यांच्या तोंडी 'आज्ञापालन' घातले की परिपत्रक वाचल्यासारखे वाटते. घरात आपण वेगळे बोलतो. पोरगे ऐकत नाही, थोरामोठ्यांचे ऐकावे, एकदा माझे ऐक. कानावर पडणे आणि म्हणणे मानणे ही दोन्ही कामे मराठीत एकच क्रियापद करते. गंमत अशी, की त्या इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळही 'ऐकणे' हेच आहे. इंग्रजीत ते झिजून गेले, मराठीत अजून जिवंत आहे.

मी 'ऐकणे' वापरून पाहिले आणि पूर्वी दोनदा वाचलेली कादंबरी थोडी वेगळी दिसू लागली. रोमचे ऐकायचे की मनाचे, वरिष्ठांचे की समोर गुडघे टेकून बसलेल्या माणसांचे, हा तिचा प्रश्न झाला. त्याच्या पाठोपाठ आणखी एक आला: ज्याचे ऐकायचे, तो स्वतः कुणाचे ऐकतो का?

मूर यांचा जन्म १९२१चा, बेलफास्टमधल्या कॅथलिक घरातला. १९४८ साली ते कॅनडाला गेले, पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाले आणि १९९९मध्ये वारले. स्वतःची श्रद्धा त्यांनी कधीच मागे टाकली होती. श्रद्धा असलेली, डळमळलेली, हरवलेली माणसे मात्र त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत येत राहिली. 'कॅथलिक्स' १९७२ची. काळ लेखकाच्या दृष्टीने भविष्यातला, विसाव्या शतकाच्या अखेरीचा. चौथी व्हॅटिकन परिषद होऊन गेली आहे. लॅटिन मिस्सा बंद आहे, धर्मगुरूजवळ एकट्याने पापनिवेदन करण्याची पद्धत संपली आहे. मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात हे मानणेही आता जुनाट ठरले आहे. ते एक प्रतीक, एवढेच. रोम बौद्ध धर्माशी जवळीक साधण्याच्या वाटाघाटीत आहे. अशा वेळी केरी परगण्याजवळच्या मक नावाच्या बेटावरचे काही मठवासी मुख्य भूमीवर येऊन जुनी लॅटिन मिस्सा करतात, आणि ती ऐकायला दूरदूरहून माणसे लोटतात. बातमी दूरचित्रवाणीवर जाण्याच्या बेतात आहे. रोमची पंचाईत होते, आणि हे थांबवण्यासाठी संघाचे प्रमुख जेम्स किन्सेला या तरुण धर्मगुरूला सर्वाधिकार देऊन पाठवतात.

त्याला न्यायला बेटावरून होडी येते. पण होडीवाला त्याला घेतच नाही. त्याला सांगितलेले असते धर्मगुरूला आणायला. समोर उभा असतो लष्करी थाटाच्या कपड्यांतला एक तरुण. किन्सेला परोपरीने सांगतो, होडीवाला ऐकत नाही. अखेर तो हेलिकॉप्टरने बेटावर उतरतो. हसू येते, आणि हसता हसता पुढचे सगळे कळते. ज्याला पाहून लोकांना तो धर्मगुरू वाटत नाही तो आकाशातून, यंत्राच्या बळावर येतो. वारा आणि लाटा ओळखणाऱ्याची होडी रिकामी परत जाते.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. खरी दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. लोकभाषांना उपासनेत जागा मिळाली, आणि १९६९मध्ये पोप सहावे पॉल यांनी मिस्सेचा नवा विधी जाहीर केला. शतकानुशतके एकाच लॅटिनमध्ये, वेदीकडे तोंड करून चाललेला विधी काही वर्षांत बदलला. बहुतेकांनी बदल स्वीकारला, अनेकांनी आनंदाने. काहींना तो घर मोडल्यासारखा वाटला. कादंबरीकार ईव्हलिन वॉ यांनी कार्डिनल हीनन यांच्याकडे पत्रांतून आपले दुःख मांडले. चर्च मात्र सोडले नाही. १९६६च्या ईस्टरच्या दिवशी लॅटिन मिस्सा ऐकून ते घरी आले आणि त्याच दिवशी वारले. १९७१मध्ये इंग्लंडमधल्या लेखक-कलावंतांनी जुन्या मिस्सेसाठी पोपना विनंती केली. सह्या करणाऱ्यांत ग्रॅहम ग्रीन होते, तशाच कॅथलिक नसलेल्या अगाथा ख्रिस्तीही होत्या. इंग्लंड आणि वेल्सपुरती सवलत मिळाली, आणि ख्रिस्तींचे नाव तिला कायमचे चिकटले.

या विनंतीचा आधार प्रामुख्याने संस्कृतीचा होता: या विधीने युरोपला संगीत दिले, काव्य दिले, वास्तुकला दिली. मला हा युक्तिवाद पटकन कळतो, कारण तो माझ्यासारख्या वाचणाऱ्यांचा आहे. मूर मात्र आपल्या मठवासीयांना तो देत नाहीत. मक बेटावर लॅटिनच्या नादमाधुर्याबद्दल कुणी बोलत नाही. फादर मॅनस किन्सेलासमोर उसळून बोलतात ते वेगळेच: वेदीवर काहीतरी घडते, देव येतो, आणि लोक त्यासाठी येतात. घडत नसेल, तर कुठल्याही भाषेत म्हणा, काय फरक पडतो? सौंदर्याच्या नावाने परंपरा मागणारा आणि सत्याच्या नावाने मागणारा, या दोघांची मागणी बाहेरून सारखी दिसते. पहिल्याला संग्रहालयही चालेल. दुसऱ्याला चालणार नाही.

इथे मला माझा पक्षपात सांगितला पाहिजे. मी अनुवादक आहे. देवाने लोकांच्या भाषेत बोलावे की मोजक्यांच्या, असे विचारले तर माझे उत्तर प्रश्नाआधी तयार असते. मराठी वाचकाचे तर ते बाळकडूच आहे. गीता संस्कृतातून मराठीत आली इथपासून आपण आपल्या साहित्याचा अभिमान मोजतो. एकनाथांना मराठी भागवताबद्दल काशीच्या पंडितांपुढे उभे राहावे लागले, असे परंपरा सांगते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले आणि १६१६मध्ये त्यांचे 'क्रिस्तपुराण' ओवीबद्ध मराठीत छापले गेले. मिस्सा लॅटिनमध्ये आणि पुराण मराठीत, अशी विभागणी तेव्हापासूनची. साठच्या दशकात ती संपली. आज वसईच्या चर्चमध्ये मराठीत मिस्सा होते. 'सुबोध बायबल' मराठीत आणणारे आणि २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथलेच. त्या परिषदेने आपल्या भाषेला काय दिले ते मला पुस्तकांच्या कपाटात दिसते. म्हणून कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी निमूटपणे किन्सेलाच्या बाजूला जाऊन बसले होते.

तिथून मला उठवले ते एका खडकाने. पॅरिश चर्चमध्ये लॅटिन मिस्सा करता येईना, तेव्हा हे मठवासी ती डोंगरावरच्या एका खडकापाशी करू लागतात. आयर्लंडमध्ये अशा खडकांना इतिहास आहे. इंग्रजी प्रॉटेस्टंट राजवटीने कॅथलिक उपासनेवर बंधने घातली, तेव्हा लोक डोंगरात जमत, खडकाची वेदी करत आणि पहारा ठेवून मिस्सा ऐकत. मूर त्याच खडकापाशी त्याच मिस्सेला माणसे जमवतात. मनाई करणारे मात्र आता रोमच आहे. ज्या सत्तेशी इमान राखण्यासाठी आजोबा-पणजोबांनी शिक्षा भोगली, तीच सत्ता नातवाला सांगते की तू हट्टी आहेस. परंपरावादी कॅथलिकांच्या दुखण्याचे इतके नेमके चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही. आज्ञाभंगाची त्यांना हौस नसते. त्यांचा सगळा पिंड ऐकण्याचा असतो. कालपर्यंत ऐकले तेच आज गुन्हा ठरले, हे त्यांचे कोडे असते.

मग मला आपल्या लोकभाषांची कथाही पुन्हा तपासावी लागली. ज्ञानेश्वर-एकनाथांची मराठी खालून वर गेली. तिला वरच्यांकडे मान्यता मागावी लागली. १९६९ची लोकभाषा वरून खाली आली. तिच्यामागे जगभरच्या लोकांची इच्छा होती हे खरे, पण ती आली हुकूम होऊन, आणि ज्यांना ती नको होती त्यांना कुणी विचारले नाही. भारतात त्याच वर्षी रोमने उपासनेच्या भारतीयीकरणाचे बारा मुद्दे मान्य केले: मांडी घालून बसणे, हात जोडणे, तेलाचा दिवा, आरती. अनेकांना हे स्वतःच्या मातीकडे परतणे वाटले. काही कॅथलिकांना वाटले की आपल्यावर हिंदूपण लादले जात आहे, आणि त्यांनी ते बोलून दाखवले. आरती मला ओळखीची, म्हणून त्यांचा विरोध मला सहज कोता वाटू शकतो. पण ज्याच्या आजीने लॅटिनचा अर्थ न कळताही तिच्यात आयुष्यभर प्रार्थना केली, त्याला मी 'ही तुझीच संस्कृती आहे' असे समजावणे हाही एक किन्सेलाच.

किन्सेलाचा दोष त्याच्या मतांत नाही. तो जुलमी नाही. सभ्य आहे, हुशार आहे, गरिबांच्या बाजूचा आहे, चर्चने सामाजिक क्रांतीत उतरावे असे मानणारा आहे. पण तो बेटावर येतो तेव्हा निर्णय त्याच्या खिशात असतो. तो प्रश्न विचारतो ते चौकशी अधिकाऱ्यासारखे. मठवासीयांच्या श्रद्धेबद्दल त्याला कुतूहल वाटते, तिचे आपल्याला काही देणे लागते असे वाटत नाही. आज्ञापालन हे मूळचे ऐकणे असेल, तर आज्ञा देणाऱ्यानेही आधी काहीतरी ऐकलेले असले पाहिजे, देवाचे म्हणा, लोकांचे म्हणा. नाहीतर उरते ती नुसती वाहतूक, वरून खाली.

मग मनाचे काय? 'कॉन्शन्स'ला मराठीत 'सदसद्विवेकबुद्धी' असा भरजरी शब्द आहे. तो भाषणात शोभतो, स्वयंपाकघरात नाही. कॅथलिक परंपरेत या गोष्टीला वाटते त्यापेक्षा मोठी जागा आहे. थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात म्हटले की चुकलेले मनसुद्धा माणसाला बांधून ठेवते. आपल्याला जे वाईट वाटते ते करणे हे वाईटच. पण त्याच दमात ते हेही सांगतात, की जाणून घ्यायला हवे होते ते न घेतल्याने मन चुकले असेल, तर दोष सुटत नाही. १८७०मध्ये पोपच्या अस्खलनशीलतेचा सिद्धांत जाहीर झाल्यावर कॅथलिक माणूस देशाशी एकनिष्ठ राहू शकतो का, असा सवाल ग्लॅडस्टन यांनी केला. त्याला १८७५मध्ये ड्यूक ऑफ नॉरफोक यांना लिहिलेल्या पत्रातून उत्तर देताना जॉन हेन्री न्यूमन यांनी मान आधी अंतःकरणाला आणि मग पोपना दिला. मात्र स्वतःला हवे ते करण्याच्या मुभेला अंतःकरण म्हणायची त्यांची तयारी नव्हती. त्यांच्या लेखी तोही एक आवाज होता, म्हणजे तेही ऐकणेच.

आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांच्याकडे मी या कसोटीने पाहते. त्यांनी १९७०मध्ये पुरोहितांचा संघ काढला आणि स्वित्झर्लंडमधल्या एकोन इथे जुन्या पद्धतीने पुरोहित घडवायला घेतले. १९७६मध्ये त्यांच्यावर धर्मविधी करण्याची बंदी आली. ३० जून १९८८ रोजी पोपच्या इच्छेविरुद्ध त्यांनी चार बिशपांना दीक्षा दिली, आणि रोमने त्यांना बहिष्कृत ठरवले. त्यांचे म्हणणे असे, की आपण सनातन रोमचे ऐकतो म्हणूनच आजच्या रोमचे ऐकत नाही. यात एक पेच आहे. परिषदेत धार्मिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला तेव्हा त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत लफेव्र होते. अंतःकरणावर बळजबरी नको, हे तत्त्व इतरांच्या बाबतीत त्यांना धोक्याचे वाटले. स्वतःवर वेळ आली तेव्हा उभे राहायला जागा मात्र त्याच प्रदेशात मिळाली. मी हे उपहासाने म्हणत नाही. आपण सगळेच आपल्या अंतःकरणाला तत्त्व म्हणतो आणि दुसऱ्याच्या अंतःकरणाला हट्ट.

रोमचा आवाजही एकसारखा राहिलेला नाही. २००७मध्ये सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या मिस्सेला मोकळी वाट दिली, २००९मध्ये त्या चार बिशपांवरचा बहिष्कार उठवला. २०२१मध्ये फ्रान्सिस यांनी जुन्या मिस्सेवर पुन्हा कडक मर्यादा घातल्या. चौदा वर्षांत ऐकणाऱ्याने दोनदा वळायचे. दोन्ही पोपांकडे कारणे होती, आणि फ्रान्सिस यांचे कारण, की जुन्या विधीचा वापर फुटीसाठी होतो आहे, पोकळ नव्हते. पण मूर यांनी १९७२मध्ये जे दाखवले ते यातून खरे ठरते: आज्ञा बदलायला एक पत्र पुरते, माणसाचे गुडघे इतक्या लवकर जागा बदलत नाहीत.

कादंबरीचा गाभा मात्र या दोन पक्षांच्या पलीकडे, मठाधिपती टॉमास ओमॅली यांच्यात आहे. बेट त्यांच्या हुकमतीत आहे. त्यांनी लॅटिन मिस्सा चालू ठेवली ती लोकांची असलेली श्रद्धा आपण हलवू नये म्हणून. आणि त्यांना स्वतःला श्रद्धा नाही. कित्येक वर्षांपूर्वी लुर्दच्या यात्रेत ती गेली. प्रार्थना करायला जावे तर ते एका भयाण अवस्थेत कोसळतात, म्हणून ते प्रार्थना टाळतात आणि कारभाऱ्यासारखा मठ चालवतात. त्या अवस्थेला मूर यांनी 'नल' म्हटले आहे, आणि माझा अनुवाद दुसऱ्यांदा अडला तो इथे. 'शून्य' हा शब्द हाताशी होता. पण मराठीत शून्य रिकामे नाही. नाथांनी आणि संतांनी त्यात इतके भरून ठेवले आहे की साधक तिथे पोचला तर आपण त्याचे अभिनंदन करू. कादंबरीतले रोम बौद्धांशी बोलणी करत असताना मठाधिपतीच्या नरकाला मी 'शून्य' म्हटले असते, तर तो मूर यांच्यावर न केलेला विनोद लादणे झाले असते. 'पोकळी' बरा, पण तो सौम्य आहे. मी वहीत अजून दोन्ही शब्द खोडलेले ठेवले आहेत.

किन्सेलाचे सर्वात आधी आणि सर्वात सहज ऐकतात ते हे मठाधिपतीच. ज्यांची श्रद्धा जिवंत आहे ते भांडतात. ज्याची गेली आहे तो लेखी हमी देतो. मूर यांचे हे निरीक्षण मला कादंबरीतले सर्वात कठोर वाटते. आज्ञाधारकपणावरून आतले काही कळत नाही. जिथे गमावण्यासारखे काही उरलेले नसते, तिथे ऐकणे स्वस्त पडते. धार्मिक संस्थांनाच हे लागू आहे असे नाही, पण धार्मिक संस्थेत ते जास्त बोचते, कारण तिथे आज्ञापालन हे व्रत असते.

मूर मात्र तिथे थांबत नाहीत. किन्सेला निघून गेल्यावर मठवासी खवळतात. वेदीवर आता काहीच घडत नाही असे आम्ही मानायचे का, असे त्यांना विचारायचे आहे. मठाधिपतींकडे उत्तर नसते. रोमचे पत्र हे उत्तर नव्हे हे त्यांनाही कळते. मग ते त्यांना चर्चमध्ये नेतात, गुडघे टेकतात आणि प्रार्थना सुरू करतात. तिच्यातून ते स्वतः कुठे जाणार हे त्यांना ठाऊक असते. बहुतेक समीक्षा याला पराभव म्हणून वाचते, आणि मीही तशीच वाचत होते. आता मला वाटते, की पूर्ण कादंबरीत खरे ऐकणे इथे एकदाच होते. रोमचे त्यांनी ऐकले तेव्हा त्यांना काही पडले नाही. आपल्या माणसांचे ऐकले तेव्हा सर्वस्व द्यावे लागले. आणि ही गोष्ट करायला त्यांना कुणी आज्ञा दिलेली नव्हती. कुणाला देताही आली नसती. आज्ञेची मर्यादा मूर बंडातून दाखवत नाहीत. प्रार्थना कुणाच्या सांगण्यावरून होत नाही, एवढेच दाखवतात.

कादंबरीच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. सुधारणेची बाजू तिने दुबळी मांडली आहे. नव्या चर्चमधला एकही माणूस मनापासून प्रार्थना करताना दिसत नाही. जणू लोकभाषेतली मिस्सा म्हणजे श्रद्धा संपल्याचे प्रमाणपत्र. वसईतल्या कुठल्याही रविवारी हे खोटे ठरते. बायका जवळपास नाहीत. खडकापाशी जमलेल्या गर्दीत त्या असणारच, पण त्यांचा आवाज कानावर येत नाही. कोण कुणाचे ऐकत नाही यावर लिहिलेल्या पुस्तकात ही त्रुटी लहान नाही. तरीही, स्वतः श्रद्धा सोडलेल्या लेखकाने श्रद्धावंतांच्या हट्टाला हा न्याय द्यावा, आणि तोही त्यांना शहाणे किंवा संत न ठरवता, याचे मोल मला वाढत्या वयात जास्त कळू लागले आहे.

मी अजूनही लोकभाषेच्या बाजूची आहे. पेशाच तो आहे. पण अनुवादकाचा एक भ्रम या पुस्तकाने काढून घेतला: समजेल अशा भाषेत सांगितले की आपले काम झाले, हा. किन्सेला अगदी समजेल अशा भाषेत बोलतो. माझ्या मसुद्यात 'ओबे'च्या जागी आता सगळीकडे 'ऐकणे' आहे. वाक्य कधी मठवासीयाचे असते, कधी किन्सेलाचे, आणि क्रियापद तेच असल्यामुळे मला दर वेळी थांबून पाहावे लागते, की या वाक्यात कान कुणाचा आहे.